पीटरची होडी, आठ रंगांत

चार म्हातारे आणि एक जुना कॉम्प्युटर दर रविवारी एका खोलीत कोंडले की किस्से न साचून जातात कुठे? आता तिघेच उरलोत, तरी साचतातच. खोली माझी, बोळिंजच्या फ्लॅटमधली.

कॉम्प्युटर म्हणजे काय, तर टीव्हीला जोडायचा जाडजूड कीबोर्ड. रंग आठ, आणि एका वेळी एकच सूर, तोही किरटा! प्रोग्रॅम कॅसेटवर असायचा. टेपरेकॉर्डर लावून पाच मिनिटं त्याची किंचाळी ऐकायची, मग चित्र येणार. आलं तर!

*

लोडिंग चालू असलं की पंखा बंद, मिक्सर बंद, तोंड बंद. मध्येच जरा खरखर झाली की प्रोग्रॅम मेला! एकदा ऐन वेळी वॉचमनने बेल दाबली. "काका, खालून कम्प्लेंट आहे. आत कुणाला काही होतंय का?"

"होत होतं. तू बेल मारलीस आणि गेला!" दिलीप खेकसला. याचं तुळिंजला टीव्ही रिपेअरिंगचं दुकान. मेलेल्या माणसापेक्षा मेलेल्या प्रोग्रॅमचं सुतक तो जास्त पाळतो.

*

आमचा चौथा, सावंत. त्या एका किरट्या सुरात पठ्ठ्याने अख्खा लग्नाचा बँड वाजवला होता! मागच्या वर्षी गेला. तेराव्याला मी त्याच्या मुलाला हळूच विचारलं, "बाबांचा कॉम्प्युटर कुठंय रे?"

"तो होय? बंदच होता ना काका. भंगारवाल्याला दिला."

"बंद नव्हता रे, टीव्हीला लावावा लागतो," दिलीप म्हणाला. पोरगा बिचारा वाढता वाढता थांबला.

*

मग दिलीपने तुळिंजची सगळी भंगाराची दुकानं पालथी घातली. आणि सापडला की! तांब्यासाठी फोडून टाकलेला. त्यातली दोन बटणं तो उचलून घेऊन आला. अजून खिशात असतात. मी त्यावरून त्याची चेष्टा करत नाही.

*

तिसरा फ्रान्सिस, पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला. त्याच्याकडे कॉम्प्युटर नाही, फक्त एक कॅसेट. धाकट्या भावाची, पीटरची. तरुणपणी, चुलत्याने दुबईहून आणलेल्या असल्याच मशीनवर पीटरने होडीचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. "पुरा झाला की दाखवतो," म्हणाला आणि त्याच आठवड्यात मासेमारीला गेला. ना बोट सापडली, ना तो. फ्रान्सिसने तो प्रोग्रॅम कधी पाहिलाच नव्हता. "मरायच्या आधी एकदा बगायचाय," एवढंच म्हणायचा.

इतकी वर्षं जपलेली कॅसेट सावंत गेल्यावर त्याने एकदाची पुढे केली. दिलीपने ती उघडून पाहिली. खाऱ्या हवेने टेप पार पांढरी पडली होती. "एकदाच चालेल, त्यात तुटणार. बघ बाबा."

"लाव," फ्रान्सिस म्हणाला.

पंखा बंद केला. टेप किंचाळली, अगदी शेवटी तुटली, पण तोवर सगळं लोड झालं होतं! निळं पाणी, पिवळी होडी, लाल शीड. आणि तो किरटा सूर.

"आयचं गानं!" फ्रान्सिस ओरडला. "जाळी विनताना म्हनायची!" डोळे भरून आले होते, पण पुसेना. होडी टुकूटुकू उजवीकडे निघाली, स्क्रीनच्या कडेला पोचली आणि गाणं मध्येच थांबलं. खाली एरर आली.

दिलीप उसळलाच. "अरे, साधी गोष्ट आहे! कड आली की होडी परत फिरवायची, ती ओळच लिहायची राहिलीय. दोन मिनिटं दे, बघ कशी घरी आणतो!" त्याने कीबोर्ड पुढे ओढला.

फ्रान्सिसने त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "नाय आला तो."