गुलाबी घेर

मुंबईच्या बसमध्ये साठीच्या एक बाई चढल्या. सलवारीवर बॅले नर्तकी घालतात तसला गुलाबी, झालरींचा आखूड घागरा. आता कुणीतरी हसणार, म्हणून माझाच जीव खाली-वर होऊ लागला.

पुढच्या बाकावरच्या नऊवारीतल्या आजींनी विचारलं, "नाचायला निघालात?"

"छे हो! बघायला. बॅले कुठंही असो, मी हाच घालून जाते."

"बरोबरच आहे. लग्नाला जाताना आपण कुठं नवरी असतो? तरी पैठणी नेसतोच ना!"

माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्याच्या हौसेचा आपल्यालाच किती घोर लागतो! बाई आजींशेजारी बसल्या. निम्मा घेर आजींच्या मांडीवर आला. तो चुरगळू नये म्हणून आजींनी मांडीवरची पिशवी हळूच पायाशी ठेवली.