स्क्रूवरचा लाल ठिपका

माझ्या धाकट्या जावेच्या हाताला चव आहे असं कुणी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. चव कसली डोंबलाची? सरबत बाटलीतलं, गारवा विजेचा आणि ढवळायचं काम मोटरचं. बाईसाहेब फक्त नळ ओढतात.

कोपरगावात स्टँडच्या रस्त्याला आमचा एकच गाळा आहे. अर्ध्यात माझी रसवंती. लग्न झाल्यापासून ती मीच चालवते. उरलेल्या अर्ध्यात पूर्वी उसाच्या मोळ्या रचलेल्या असायच्या. मागच्या उन्हाळ्यात दिरांनी तिथं स्लशचं मशीन आणून ठेवलं आणि माझ्या मोळ्या बाहेर उन्हात गेल्या. दोन काचेसारखी भांडी, एकात हिरवीगार कैरी, दुसऱ्यात काळा खट्टा. आत पातं सावकाश फिरत राहतं आणि सरबताचा भुसभुशीत बर्फ होतो. कॉलेजच्या पोरी त्याचे फोटो काढायच्या. माझ्या चरकाचे घुंगरू एवढे खणखणायचे, पण इकडे कुणाची मान वळेल तर शपथ.

गिऱ्हाईक गेलं त्याचं मला एवढं वाटलं नाही. गिऱ्हाईक आज इथं, उद्या तिथं. सासरे तिकडे वळले ते मात्र लागलं. त्यांना आम्ही दोघी मामा म्हणतो. दुपार कलली की मामा घरून चालत दुकानात यायचे, बाकावर टेकायचे आणि माझ्या हातचा रस घ्यायचे. आलं, लिंबू, वर पेलाभरून बर्फ. त्यांच्या पेल्यात बर्फ टाकताना मी कधी हात आखडला नाही. थोरली सून म्हणून माझा जो काही मान होता, तो त्या पेल्यात होता असं मी धरून चालले होते. मशीन आलं आणि मामा हळूहळू बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकले. बाक तोच, पण ते टोक तिचं.

मी ऊस लावता लावता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहायचे. मशीनच्या मागच्या अंगाला एक स्क्रू आहे. एकीकडे पिळला की स्लश घट्ट होतं, दुसरीकडे पिळला की पातळ. मशीन बसवणाऱ्यानं तो जिथं ठेवून दिला, तिथं तिनं नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता. पण मामांची वेळ झाली की बाई स्क्रू जरासा पातळच्या बाजूला घ्यायची. पेला द्यायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मामा काहीतरी पुटपुटायचे. ती पुन्हा मागे जाऊन स्क्रू हलवून यायची. नुसती नाटकं, मी म्हणायचे. पण ते काय बोलतात ते ऐकायला मी चरक थांबवायचे, हेही खरं.

परवा तिच्या भावाचा साखरपुडा होता. सकाळीच ती नटूनथटून पुणतांब्याला माहेरी निघाली. जाताना म्हणाली, कैरी चालू आहे, काळा खट्टा संपला म्हणून ते भांडं धुऊन ठेवलंय, आणि ताई, तेवढं ठिपक्यावरनं हलवू नका. मला शिकवते. माझ्याच गाळ्यात उभी राहून.

ती रिक्षात बसली आणि मी त्या धुतलेल्या भांड्यात उसाचा ताजा रस ओतला. मामांना थंडगार भुगाच आवडत असेल तर माझ्या रसाचा मिळेल, आणि असा मिळेल की पुन्हा तिचं नाव काढणार नाहीत. रस म्हटला की माझा हात आपोआप बर्फाच्या पेटीत जातो. चांगला फोडलेला बर्फ ओंजळी भरभरून वर टाकला आणि स्क्रू घट्टच्या बाजूला पुरता पिळून ठेवला.

थोड्या वेळानं पातं अडलं. टक, टक, टक. भांड्यात रसाचा दगड झाला होता. जे यंत्र स्वतःच बर्फ करतं, त्याच्यात मी बर्फ टाकून बसले होते. घाबरून अख्खं मशीनच बंद केलं. कैरीही तिकडे पाणी व्हायला लागली.

तेवढ्यात मामा आले आणि सवयीनं तिच्या टोकाला बसले. मशीन बंद आहे असं सांगून मी चरकाचा रस पुढे केला. त्यांनी पेला हातात घेतला, पण तोंडाला लावीनात. मग माझ्यानं राहवलं नाही.

"मामा, माझ्या रसाला काय धाड भरली? तिच्या त्या बाटलीतल्या सरबतात असं काय हाय?"

"काय न्हाई. तिचं तर लई ग्वाड असतं."

"मग?"

"ती इचारती, मामा कसं झालंय म्हनून. तू पेला देती अन् फुडच्या गिऱ्हाइकाकडं वळती."

गर्दीच्या वेळी कुणाला पुसत बसू, चरकात बोटं जातील माझी, असं सगळं ओठांवर आलं होतं. पण तिला येतं आणि मला येत नाही, हे मी कसं ऐकून घेईन? पदराला हात पुसले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"बरं, सांगा. कसं झालंय?"

मामांनी एक घोट घेतला आणि गालाला हात लावला. "बर्फ लई हाय. दाढ ठणकती," ते म्हणाले. मग गाल चोळत म्हणाले, "पयल्यापासूनच."

मी चमच्यानं बर्फ काढून टाकला. त्यांनी पेला तळापर्यंत संपवला.

संध्याकाळी जाऊ आली. भांड्यातला गोळा तिनं बघितला, फिरलेला स्क्रूही बघितला, आणि तो ठिपक्यावर आणला. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. मग तिनं मला विचारलं, आज मामांनी काय घेतलं?

रस घेतला, मी ठसक्यात सांगितलं.

"बर्फ काढून दिला ना?" ती म्हणाली.