आता माझी पाळी

सुकेशनी वाळूजच्या एका कारखान्यात वायरींचे जुडगे बांधायची. हात चलाख, म्हणून तिला लाईनची प्रमुख करायचं ठरत होतं. नवरा रामेश्वर जवळच्याच कंपनीत. दोन लेकरं होती, तिसरं नको, यावर दोघांचं एकमत.

सणाला सासरी पिशोरला गेली तेव्हा तिच्या गर्भनिरोधक गोळ्या संपल्या. गावातल्या मेडिकलवर चुलत सासरे बसायचे. त्यांच्याकडं गोळ्या मागायच्या कशा? तिनं मागितल्याच नाहीत. शहरात परतेपर्यंत व्हायचं ते झालं.

तिसरी लेक, ज्ञानेश्वरी, गोड निघाली. तिच्यावर कुणी रुसलं नाही. पण बाळंतपणात सुकेशनीची नोकरी गेली, एका पगारात भागेना म्हणून थोरल्याला, शिवमला, इंग्रजी शाळेतून काढावं लागलं. आता आपणच ऑपरेशन करून घेऊ, असं तिनं ठरवलं. रामेश्वर पोरीला खांद्यावर थोपटत होता. म्हणाला, "तीन बाळंतपणं तू काढली. आता माझी पाळी."

ही बातमी कळताच त्याची आई म्हाळसाबाई पिशोरहून आली. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. कष्टाचा गडी नसबंदीनं अधू होतो, अशी तिची खात्री. तिनं लाख समजावलं, तरी रामेश्वर दवाखान्यात गेला आणि दुपारीच आपल्या पायांनी घरी आला. म्हाळसाबाईनं त्याला बाळंतिणीसारखं निजवलं, डिंकाचे लाडू चारले. शेजारणी पदराआड हसत होत्या. रामेश्वर लाजला, पण लाडू एकही सोडला नाही. सांगितलेली विश्रांती झाली आणि तो पहिल्यासारखाच कामावर गेला. डॉक्टरांनी पुढची तपासणी होईपर्यंत सांभाळून राहायला सांगितलं होतं, तेही दोघांनी पाळलं. तपासणी चांगली आली.

म्हाळसाबाई बरेच दिवस लेकाला धडधाकट कामावर जाताना पाहत राहिली. एकदा भाकरी थापता थापता सुनेला म्हणाली, "मला सात झाली. किती पायजेत, असं कुणी इचारलंच नाय." मग भाकरी तव्यावर टाकून, "तू कामाला जा. पोरीला मी बघते."

नव्या कंपनीत सुकेशनीला काम मिळालं. पहिल्या दिवशी गणवेश घालून ती दारात घुटमळली. पोरगी आकांत करील अशी धास्ती होती. ज्ञानेश्वरीनं आजीच्या कडेवरून खुशाल हात हलवला. सुकेशनीला थोडं वाईटच वाटलं, मग हसू आलं, आणि ती झपाझप निघाली.