माझं यादवकालीन कीर्तिमुख

अकरा वर्षं मी एका दगडाचं वय चुकीचं सांगत होतो. चूक दहा-वीस वर्षांची असती तर इतिहासाच्या मास्तराला कुणी काही बोललं नसतं. माझी चूक आठशे वर्षांची होती.

दगड माझ्या सासुरवाडीच्या महादेवाच्या देवळातला. गाव लातूरपासून तासाभरावर. देऊळ हेमाडपंती, म्हणजे बांधकामात चुना नाही, माती नाही. एका दगडाची खाच दुसऱ्याच्या खोबणीत बसवायची आणि सगळा डोलारा एकमेकांच्या वजनावर उभा करायचा. पुढं बारा खांबांचा सभामंडप. खांब खाली चौकोनी, मधे आठकोनी आणि वर कुंभाराच्या चाकावर फिरवल्यासारखे गोल. मंडपातून चार पायऱ्या उतरलं की गाभारा, आणि गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर ते कीर्तिमुख. कीर्तिमुख म्हणजे राक्षसासारखा नुसता चेहरा. आपला गर्व बाहेर ठेवून आत जावं म्हणून तो तिथं कोरतात. बटबटीत डोळे, विचकलेले दात, वर तेलाचा आणि कुंकवाचा जाड थर.

मी तो लग्नानंतर पहिल्या सणाला पाहिला आणि जागेवरच जाहीर केलं, यादवकालीन. पुढं नांदेडहून कॉलेजच्या सहली नेल्या, पाहुणे नेले. प्रत्येकाला त्या उंबरठ्यापुढं उकिडवं बसवून सांगायचो की बघा, ही डोळ्यांतली जरब आजच्या कारागिराला जमायची नाही. पोरं वहीत लिहून घ्यायची आणि विचारायची, "सर, हे परीक्षेला येतं का?" मी नाही म्हटलं की वही बंद.

आता ही चूक उघडी कशी पडली ते सांगतो.

त्र्याण्णवच्या भूकंपात या गावातली माणसं वाचली, पण घरांच्या दगडमातीच्या भिंती बसल्या. देवळाचा गाभारा हलला नाही, त्याच्यापुढचा मंडप मात्र कोसळला होता आणि तो नंतर पुन्हा उभा केला, एवढं मला ऐकून माहीत होतं. मी तेव्हा गावाचा जावई नव्हतो. मग लातुरात क्लासेसचे दिवस आले. गावातल्या ज्याला त्याला लातुरात एक खोली भाड्यानं द्यायची होती नाहीतर पोराला क्लासला घालायचं होतं. याच गावचा एक हुशार मुलगा फिजिक्सचा क्लास काढून मोठा झाला. चौकाचौकात त्याचे हाताची घडी घातलेले फोटो. त्यानं गावाला कळवलं की मंडप पावसात गळतो, आत अंधार असतो, तर तो पाडू, मी स्लॅबचा नवा बांधून देतो, खाली चकचकीत फरशी आणि दारात माझ्या क्लासच्या नावाची कमान.

गाव खूष. एकटे माझे सासरे नाराज. ते देवस्थानचे अध्यक्ष, आणि मंडप त्यांच्या हयातीत पडावा हे त्यांना सोसेना. त्यांनी मला फोन केला, "पाव्हणं, रविवारी बैठक हाय. तुम्ही या अन्‌ लोकांना चार गोष्टी सांगा. तुमच्याशिवाय कुणी न्हाई."

सासरा असं म्हणाल्यावर जावयाच्या अंगावर मूठभर मांस चढतं. मी इस्त्रीचा सदरा घालून, बायकोला घेऊन हजर झालो.

बैठक त्याच मंडपात. क्लासवाले सर पांढऱ्या पँटमध्ये, खुर्चीवर. त्यांच्याशेजारी खाली एक वाळकासा म्हातारा बसलेला. शेजारच्या तालुक्यातला पाथरवट, मंडपाचे दगड उतरवायला किती दिवस लागतील ते सांगायला सरांनीच बोलावलेला.

मी उभा राहिलो. यादवांपासून सुरुवात केली, खाचा-खोबणीवर आलो, खांब झाले. लोक तंबाखू मळत ऐकत होते, पण पटल्यासारखं कुणाचंच तोंड दिसेना. तेव्हा मी ठेवणीतलं काढलं. गाभाऱ्याच्या पायऱ्यांशी गेलो आणि उंबरठ्याकडं बोट केलं. सासरे खोकले. मला वाटलं दाद देतायत.

"हे डोळे बघा," मी म्हणालो. "आठशे वर्षं झाली. असा हात आज आहे का कुणाचा?"

"हाय की," म्हातारा म्हणाला. "माझाच हाय."

मी बोट खाली घेतलं.

"भूकंपात मंडपाची तुळई पडून जुना उंबरा फुटला होता, सर. तोंडाचा तर चुराच. मंडप उभा करायला मला आणलं, तवा म्हणले, हे बी करून टाक. नमुना कुठला आणू? तर हे मालक," त्यानं सासऱ्यांकडं हात केला, "रोज सकाळी डोळे वटारून माझ्या डोक्यावर उभे राहायचे. झालं का, झालं का. म्हणलं, समोर आयतं तोंड हाय तर दुसरीकडं कशाला जायाचं."

सगळ्या मंडपानं आधी उंबरठ्याकडं पाहिलं, मग सासऱ्यांकडं. सासऱ्यांनी नेमके त्याच क्षणी डोळे वटारले, त्यामुळं शंकेला जागा राहिली नाही. मागून एकजण म्हणाला, "दात बी तेच हाईत." मग जो हशा उठला तो बराच वेळ बसेना.

क्लासवाले सर मात्र हसले नाहीत. "म्हणजे एवढं काही जुनं नाही हे," ते म्हणाले. "मग पाडायला काय हरकत आहे?" सासऱ्यांचा चेहरा उतरला. मी आणलेला एकमेव पुरावा माझ्याच हातानं गेला होता.

"तो एक दगड माझा," म्हातारा म्हणाला. "बाकी सगळे जुनेच. मी नुसते उचलून जाग्यावर ठेवले. एक बी उरला न्हाई, एक बी कमी पडला न्हाई."

"पण बाबा, गळतंय ना," सर म्हणाले.

"तवा गळत नव्हतं. वरच्या दगडाला बाहेरच्या अंगाला उतार हाय अन्‌ पाणी काढून द्यायला पन्हळ हाय. नंतर कुणीतरी वर शिमिटाचा कोबा टाकला अन्‌ पन्हळ बुजवली. पाणी जाईल कुठं?"

"कुणी टाकला कोबा?" सरांनी विचारलं.

सासरे खांबाकडं बघत म्हणाले, "चांगल्यासाठीच टाकला होता."

सर उठले. पांढऱ्या पँटनिशी शिडी चढून म्हाताऱ्यामागं वर गेले. आम्ही खाली माना वर करून बसलो. वर कोबा ठोकून बघितल्याचा आवाज, मग बाटलीतलं पाणी ओतल्याचा. शेवटी फिजिक्सचा मास्तरच तो, उतार म्हटल्यावर राहवलं नसणार. खाली आले तेव्हा गुडघे काळे झाले होते.

"उतार बरोबर आहे," ते म्हणाले. "कोबा काढा. मंडप राहू द्या." आणि जरा थांबून, "कमान रस्त्याला करू."

मंडप वाचला. पुढच्या वर्षी गावातल्या पोरांनी खांबांना आकाशी ऑइलपेंट मारला, ते वेगळं.

परतताना गाडीनं अहमदपूर मागं टाकलं. मग मीच म्हणालो, "इतकी वर्षं मी किती जणांना सांगितलं असेल. निदान तुझ्या बाबांनी तरी बोलायचं."

"बाबांनाच कशाला, मलाही माहीत होतं," बायको म्हणाली. "त्या पाथरवटाला चहा नेऊन द्यायचं काम माझ्याकडं होतं."

"आणि गाव?"

"गावानंच तर तुळई उचलली."

"मग एकानंही सांगू नये?"

तिनं खिडकीची काच थोडी वर केली. "पहिल्या सणाला आलात तेव्हा दोन दिवस तुम्ही हं आणि हो याच्यापलीकडं बोलला नव्हता. तिसऱ्या दिवशी त्या दगडापुढं अर्धा तास बोललात. आई सगळ्यांना म्हणाली, पाव्हणा आत्ता कुठं मोकळा व्हायलाय, मधी कुणी बोलू नका."