चुलीपासून लांब बसलेल्या अक्का

अक्कांना बसून राहा म्हटलं की त्या हमखास उभ्या राहायच्या. माझ्या सासूबाई. माहेर मैंदर्गीचं, आयुष्य गेलं सोलापुरात कडक भाकरी करून विकण्यात. हृदय दुबळं झालं, पाय सुजले, दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची, पण चूल काही सुटेना.

डॉक्टरांनी छातीवर चिकटवायची औषधाची पट्टी दिली. सकाळी लावायची, झोपताना काढायची. तिनं रक्तवाहिन्या सैल पडतात आणि हृदयावरचा भार कमी होतो म्हणे. सुरुवातीला त्यांचं डोकं इतकं ठणकायचं, की घाबरून मी डॉक्टरांना फोन करायचे. अक्का कपाळाला फडकं बांधून म्हणायच्या, "डोकं धरलं म्हंजी पट्टी कामाला लागली की. तू कशापायी जीव टांगणीला लावतीस?" धाप खरंच कमी झाली. तिथंच घात झाला, कारण बरं वाटताच बाई पुन्हा चुलीपुढं.

भर उन्हाळा, पेटती चूल आणि छातीवर पट्टी. "अक्का, उठा आता," मी सारखी टोकत होते. "ब्याड यव्वा," अक्कांचं माहेरचं कानडी निघालं, "नगं आत्ता, एवढं पीठ संपू दे." पीठ संपवूनच उठल्या आणि उठता उठता पांढऱ्याफटक पडून कोसळल्या. कशीबशी पट्टी ओढून काढली, रिक्षात घालून दवाखाना गाठला. धगीनं औषध भराभर अंगात उतरतं, रक्तदाब घसरतो, असं सांगून डॉक्टर मलाच रागावले. "चूल हवी की सासू, ठरवा एकदा."

चूल मी ताब्यात घेतली. अक्कांनी अबोला धरला. मग एकदा मी बाजारात गेलेली बघून त्या पट्टी काढून चुलीपुढं बसल्या, आणि संध्याकाळी श्वासासाठी तडफडल्या. त्या दिवशी मी त्यांचे पाय धरून रडले. "मला तुमच्याशिवाय कोण आहे हो?" दुसऱ्या दिवशी अक्का आपण होऊन ओसरीवरच्या खुर्चीत बसल्या.

तिथून नुसत्या थापण्याच्या आवाजावरून त्यांना सगळं कळायचं. "जाड होतीया. कड दाब, कड."

पट्टीनं आराम पडेल, दुखणं जाणार नाही, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. त्यामुळं अक्का जरा गप्प झाल्या की माझ्या काळजात धस्स व्हायचं. बघायला गेलं की खेकसायच्या, "मेली न्हाय मी अजून." शेवटी मी युक्ती काढली. मुद्दाम भाकरी जाड थापायची. बाहेरून शिवी आली की माझा जीव भांड्यात पडायचा.

एका दुपारी मी अशीच जाड भाकरी थापली. बाहेरून काही नाही. दुसरी घेतली, जोरजोरात थापली, कड तशीच सोडली. तव्यावरची करपायला लागली होती. ओसरीवर जायला पाय उचलेना. मी आणखी एक गोळा घेतला आणि जाडच थापत राहिले.