गोऱ्या हातचा भात

"तू हायेस की हितं. धर तंगडी अन् ने ओढून."

अण्णा माझ्याकडे बघून बोलले. त्यांच्या गोठ्याच्या दारात आम्ही सगळे विद्यार्थी उभे होतो. अर्धे आमच्या कृषी महाविद्यालयाचे, अर्धे हॉलंडहून आलेले. आत म्हशीचं रेडकू मरून पडलं होतं. पोट टम्म फुगलेलं, डोळ्यांवर माश्या. एवढ्या घोळक्यातून अण्णांचं बोट बरोब्बर माझ्याकडे वळलं. कारण गाव माझंच होतं. मुळशीतल्या रिह्याच्या खोऱ्यातलं. ओढ्याच्या अलीकडे अण्णांचा बंगला, पलीकडे आमची बौद्धवस्ती.

माझे वर्गमित्र दोन पावलं मागं सरले. मला वाट करून दिली त्यांनी! हॉस्टेलवर माझ्या नोट्सवर पास होणारी पोरं ही.

गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम माझ्या आज्यानं सोडलं होतं. तेव्हा गावानं आमचं बलुतं तोडलं, खळ्यावर उभं राहू दिलं नाही. त्या साली घरात चूल कशी पेटत नव्हती, हे बाप अजून सांगतो. आणि त्या आज्याचा नातू, बी. एस्सी. ॲग्रीच्या तिसऱ्या वर्षाला वर्गात पहिला, जीन्सची पँट घातलेला. अण्णांना तो नातू दिसलाच नाही. त्यांना फक्त ओढणारा दिसला.

"न्हाई ओढणार," मी म्हणालो.

आमच्या सरांनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं. हा सगळा दौरा सरांनीच जमवलेला. हॉलंडची पोरं तीन आठवडे इकडं, मग आमच्यातले दोघं तीन आठवडे तिकडं. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, दाखवायला त्यांनी पाहुण्यांना मुळशीत आणलं होतं. महाळुंग्याची जमीन बिल्डरला विकून अण्णांनी बंगला बांधला होता, त्यामुळं मुक्काम तिथं. हॉलंडला जाणाऱ्या दोघांत एक अण्णांचा मुलगा होता. तो वर्गात कितवा होता ते विचारू नका. दुसरा मी.

सर हळू आवाजात म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे रे. पाहुण्यांसमोर तमाशा नको. हॉलंडला जायचंय ना तुला?"

जायचं होतं. जीव तोडून जायचं होतं. आमच्या वस्तीतलं कुणी कधी विमानाच्या जवळही गेलं नव्हतं. आई आवणीला जाताना बायांना सांगायची, माझा पोरगा परदेशात शिकाय चाललाय. तरी मी जागचा हललो नाही.

हॉलंडच्या पोरांत लिस नावाची एक उंच पोरगी होती. तिच्या घरी गाईंचा मोठा गोठा. तिनं इंग्रजीत विचारलं, काय झालंय?

"बॅक पेन," सर म्हणाले आणि हसत माझ्या पाठीवर थाप मारली.

लिसनं बाह्या वर केल्या. रेडकाच्या मागच्या तंगड्या धरल्या. त्यांच्यातल्या एका पोरानं पुढच्या धरल्या. चिखलातून ओढत दोघांनी ते मागच्या खड्ड्यापर्यंत नेलं. आमची पोरं फोटो काढत होती. अण्णा कौतुकानं म्हणाले, "बघा, कामाची लाज न्हाई ह्या लोकान्ला."

दुपारी ओसरीवर पंगत बसली. मी मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशीही अंगणात, पत्रावळीवर. बाकी सगळ्यांना स्टीलची ताटं. पाहुण्यांना मराठी समजावून सांगायला मी शेजारी लागायचो, जेवायला मात्र पायरीच्या खाली. "हवा चांगली लागते त्याला," असं सर सांगायचे पाहुण्यांना. लिसनं नळावर साबणानं हात धुतले. अण्णांच्या बायकोच्या, काकूंच्या, हातातला भात वाढायचा डाव हौसेनं घेतला आणि पंगतीत वाढत सुटली. सगळ्यांनी ताटं पुढं केली. काकूंनी पदर तोंडाला लावून कौतुक केलं. अण्णांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

"पोरीच्या हाताला चव हाय," म्हणाले.

 मी हातातला घास पत्रावळीवर ठेवला. त्याच वेळी ओढ्याकाठच्या खाचरात माझी आई कमरेत वाकून ह्यांचंच भात लावत होती. आणि तिनं तांब्या भरून दिला तर ह्याच ओसरीवर कुणी तो तोंडाला लावत नव्हतं.

मी उठलो.

"अण्णा, हिनं मगाशी रेडकू ओढलं. हिच्या हातचा भात चालतो. माझ्या आईच्या हातचं पाणी का चालत न्हाई?"

"जेवताना कशाला ती घाण काढतो?" अण्णा म्हणाले. ताटावरची नजर वर केली नाही त्यांनी.

मग मी लिसकडे वळलो आणि इंग्रजीत सगळं सांगितलं. पाठ दुखत नाही हेही. सर मध्येच ओरडले, "विषय शेतीचा आहे!" लिसनं डाव खाली ठेवला.  तिनं माझ्या बाजूनं बोलावं म्हणून मी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी सर म्हणाले, "अण्णांची माफी माग. मग नाव राहील तुझं."

"कशाची माफी, सर?"

"वातावरण बिघडवलंस त्याची."

"नाव काढा," म्हणालो आणि पिशवी उचलून ओढा ओलांडला.

घरी आई पायाचा चिखल धूत होती. मी सगळं सांगितलं. हॉलंड गेलं, हेही सांगितलं. तिनं दुसरा पाय धुतला. मग उठली आणि वस्तीत दारोदार सांगत गेली, "उद्या अण्णाच्या खाचरात कुणी उतरायचं न्हाई."

कुणीच उतरलं नाही. ऐन आवणीत दुसऱ्या बाया कुठून मिळणार? जो तो आपापल्या चिखलात. चौथ्या दिवशी अण्णा स्वतः वस्तीवर आले. पहिल्यांदाच.

"चला गं बायांनो. रोपं जून व्हायला लागली. वाया जातील समदी."

आईनं हंड्यातून तांब्या भरला आणि त्यांच्यापुढं धरला.

"आदी पाणी प्या."

अण्णांनी तांब्याकडे बघितलं. भोवती सगळी वस्ती उभी होती.

"तहान न्हाई मला."

"मग आमालाबी सवड न्हाई," आई म्हणाली.

ते वळून गेले. त्या साली त्यांचं अर्धं खाचर पडीक राहिलं. माझ्या जागी हॉलंडला दुसराच कुणी जाऊन आला. मला त्याचं दुःख झालं, आजही होतं. पण अण्णांच्या चिखलात आमच्या घरचा पाय परत पडलेला नाही. आमच्या हातचं पाणी सगळ्या गावादेखत त्यांच्या घशाखाली उतरत नाही, तोवर पडणार नाही.