आमच्या व्हिसावरची

"हिला लावू का?" हळदीकुंकवाची कुयरी हातात धरून एका पाहुणीने विचारलं.

मी सिंकपाशी पातेली घासत होते. काकू दारातूनच म्हणाल्या, "अगं, तिचं राहू दे. ती आमच्या व्हिसावरची आहे."

पाहुणी हसली. कुयरी बाहेरच्या खोलीत परत गेली. मी पातेली घासत राहिले.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतली गोष्ट. जुन्या काळातली नाही. ह्याच संक्रांतीची.

काका म्हणजे माझे मालक, काकू त्यांची बायको. काकांची केअर कंपनी. म्हाताऱ्या, आजारी लोकांच्या घरी जाऊन त्यांचं करणारी माणसं पुरवायची कंपनी. पहिल्याच फोनवर म्हणाले होते, "सर नको म्हणू गं, काका म्हण. आपण घरचेच." मी लातूरला नर्सिंग केलेलं. स्पॉन्सरशिप मिळाली, व्हिसा लागला, आईने गल्लीत पेढे वाटले.

आल्या दिवशी काकूंनी आडनाव विचारलं. ऐकलं. "बरं," म्हणाल्या. त्यानंतर देवाचं कपाट सोडून सगळं घर माझ्याकडे आलं. हूवरने झाडणं, संडास, कपडे, काकांच्या शर्टांना इस्त्री. पेशंट एकही नाही. विचारलं की काका म्हणायचे, "येतील गं क्लायंट. तोवर बसून काय करणार?" पगार कधी यायचा, कधी नुसतंच "समजून घे".

सोडून का नाही गेलीस? सगळे हेच विचारतात. कारण नोकरी गेली की व्हिसा गेला. स्पॉन्सरशिप ज्याची, तुमची मान त्याच्या हातात. काकांना हे पक्कं माहीत होतं. व्हिसावर माणसं आणून भलतंच काम करवणाऱ्या कंपन्यांची लायसन्सं सरकार काढून घेतंय, अशी बातमी टीव्हीवर लागली तेव्हा त्यांनी आवाज बंद केला. म्हणाले, "कुणी आलंच तर एक लक्षात ठेव. माझी कंपनी बुडेल, पण देश तुला सोडावा लागेल."

आणि आमटी मागितली. मी वाढली.

संक्रांतीनंतर थोड्याच आठवड्यांनी ते आले. होम ऑफिसचे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सरकारी खात्याचे दोघे, न सांगता. कंपनीचा पत्ता घराचाच होता. दार मी उघडलं, हातात पिवळे रबरी ग्लोव्हज. त्यातल्या बाईने माझं नाव विचारलं. मग ग्लोव्हजकडे बघितलं. "म्हणजे कागदावरची सीनियर केअरर ती तूच?"

काका धावत आले आणि इंग्रजीत सुरू झाले. "आज तिची सुट्टी आहे. आम्हाला ती मुलीसारखी. स्वस्थ बसवत नाही तिला, घरात हातभार लावते." काकू पुढे झाल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

वर्षभरात पहिल्यांदा.

शिवी दिली असती तर कदाचित मी गप्प बसले असते. शिव्या गिळता येतात, मला येत होत्या. ही माया गिळवेना.

"हे खरं आहे का?" बाईने मला विचारलं.

मी तो हात काढून टाकला. "नाही. मला सुट्टी नाही. हेच माझं काम. इथे आल्यापासून मी एकही पेशंट पाहिलेला नाही."

"इतकं केलं गं तुझ्यासाठी," काकू मराठीत पुटपुटल्या.

कंपनीचं लायसन्स गेलं. आणि काका म्हणाले तसंच झालं. मला होम ऑफिसकडून कळलं: दोन महिन्यांत दुसरा मालक शोध, नाहीतर देश सोड. गुन्हा त्यांचा, मुदत मला. काका त्याच घरात राहतात, नव्या धंद्याच्या गोष्टी करतात. सरकार म्हणतं, आम्ही कारवाई केली. केली ना. माझ्यावर.

इथल्या मराठी मंडळातल्या एका काकांचा फोन आला. "समाजाची नाचक्की होते गं. जबाब मागे घे, तुझी सोय बघू."

"कुठल्या समाजाची?" मी विचारलं.

"हे बघ, असं जातीवर जाऊ नकोस."

मी जातीचं नावही घेतलं नव्हतं.

आता बर्मिंगहॅमला एका मैत्रिणीच्या खोलीत राहते. त्याच कंपनीच्या व्हिसावर आलेल्या आणखी तिघी मला सापडल्या. एक रेस्टॉरंटमध्ये भांडी घासते, दोघी गोडाऊनमध्ये खोकी भरतात. मी त्यांना खोटा धीर देत नाही. बोललात तर काय होईल ते सरळ सांगते, माझं काय झालं तेही सांगते. मग विचारते, येता का?

दोघी हो म्हणाल्या. तिसरी म्हणाली, "मला जमणार नाही गं, माझी मुलं तिकडे आहेत." तिला मी भित्री म्हणणार नाही. तिचं नाव कुठेही घेणार नाही.

सोमवारी आम्ही तिघी लंडनच्या क्रॉयडनला जातोय, व्हिसा ऑफिससमोर निदर्शनाला. मालकाला पकडा, जरूर पकडा. पण त्याच्या पापासाठी कामगाराला हाकलू नका. मला दया नको, दुसरा काका नको. व्हिसा माझ्या हातात हवा, काम बदलायचा हक्क हवा.

फलकावर माझं नाव असेल, आडनावासकट, रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढं मोठं. मुदत संपली तरी मी तिथेच उभी राहणार. उचलायचं असेल तर त्यांनी उचलावं. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत.